ड्रायव्हरसाठी मेमरी अलोकेशनचा इंटरफेस कसा बनवायचा: "किती पाहिजे" सोडून बाकी काय काय विचारायचं

स्वतःची छोटी ओएस लिहायला घेतली, किंवा एखाद्या बोर्डसाठी ड्रायव्हर फ्रेमवर्क बनवायचं काम गळ्यात पडलं, की पहिल्या आठवड्यात बहुतेक जण एकच करतात. हेडर फाइल उघडायची, त्यात अलॉक(साइज) आणि फ्री(पॉइंटर) अशा दोन ओळी टाकायच्या आणि मेमरीचं झालं म्हणून पुढे सरकायचं. मी पण तेच केलेलं. मग त्या दोन ओळींवर बघता बघता ४० ड्रायव्हर उभे राहिले आणि तेव्हा लक्षात आलं की जे विचारायला पाहिजे होतं ते आपण विचारलंच नाही, आणि आता विचारायचं तर ४० फाइली उघडून बसायचं.

साधा अ‍ॅप लिहिणाऱ्याला "किती बाइट्स" हा एक प्रश्न पुरतो, कारण बाकीची उत्तरं ठरलेली असतात. तो थांबू शकतो, मेमरी रॅममधे कुठे का असेना त्याला काय फरक पडत नाही, आणि प्रोसेस मेली की सगळं आपोआप परत जातं. ड्रायव्हरमधे यातलं काहीच ठरलेलं नसतं. म्हणून कॉल लिहितानाच ड्रायव्हरवाल्याकडून तीन गोष्टी वदवून घ्यायच्या: आत्ता तू थांबू शकतोस का, ही मेमरी सीपीयूशिवाय अजून कोण वाचणार-लिहिणार आहे, आणि ती परत कधी द्यायची. या तिन्ही गोष्टी डॉक्युमेंटेशनमधे लिहून भागत नाही, डॉक्युमेंटेशन कोणी वाचत नाही, सगळे शेजारच्या ड्रायव्हरमधली ओळ कॉपी करतात (मीही करतो). त्यामुळे जे काही सांगायचंय ते फंक्शनच्या नावात आणि आर्ग्युमेंटमधे दिसलं पाहिजे.

खाली उदाहरणातली फंक्शनची नावं मी मुद्दाम मराठीत ठेवलीयेत, तुमच्या कोडमधे तुम्हाला हवी ती द्या.

थांबू शकतो का, हे आधी

इंटरप्ट हँडलर (हार्डवेअरने हाक मारली की मधेच धावणारा कोड) चालू असताना किंवा हातात स्पिनलॉक (ज्याच्यासाठी बाकीचे न झोपता जागेवरच फिरत थांबतात असं कुलूप) असताना झोपता येत नाही. आणि मेमरी कमी पडली की अलोकेटरला, म्हणजे मेमरी वाटणाऱ्या कोडला, कोणाची तरी पानं (मेमरीचे ठरलेल्या आकाराचे तुकडे) डिस्कवर ढकलून जागा करावी लागते, म्हणजे थांबावं लागतं. लिनक्समधे हे फ्लॅगवर आहे: जीएफपी_कर्नल म्हणजे गरज पडली तर थांबेन, जीएफपी_अ‍ॅटॉमिक म्हणजे असेल तर आत्ता दे नाहीतर नल (रिकामा पॉइंटर, म्हणजे मिळालं नाही) दे. फ्रीबीएसडीत तेच एम_वेटओके आणि एम_नोवेट. विंडोजने प्रश्न वेगळ्या बाजूने विचारलाय, तुला पेज्ड पूल (डिस्कवर ढकलता येईल अशी मेमरी) पाहिजे की नॉनपेज्ड (कायम रॅममधेच राहणारी), आणि तू डिस्पॅच लेव्हलला, म्हणजे झोपता येत नाही अशा पातळीला, असशील तर पेज्डला हात लावायचा नाही.

माझं मत, फ्लॅग ठेवूच नका, सरळ दोन फंक्शन करा:

घे_थांबून(किती, टॅग)
घे_लगेच(किती, टॅग)

(टॅग म्हणजे मेमरी कोणाच्या नावावर गेली ते सांगणारी खूण, त्याचं शेवटी येतंच.) दोन फंक्शन, कारण या दोघांचा करार वेगळा आहे. घे_लगेच कधीही नल देऊ शकतं, त्यामुळे त्याचा निकाल तपासला नाही तर कंपायलरने बोंब मारली पाहिजे. घे_थांबून मात्र कधीच नल देत नाही असा शब्द द्यायचा, फ्रीबीएसडीत एम_वेटओकेचा करार अगदी हाच आहे. लिनक्समधे याबाबतीत जरा गोंधळ आहे, तिथे ८ पानांपर्यंतची, म्हणजे ४ केबीचं पान धरलं तर ३२ केबीपर्यंतची जीएफपी_कर्नल मागणी व्यवहारात जवळपास कधी फेल होत नाही, पण तसं वचन कोणी दिलेलं नाही. मग काय होतं, प्रत्येक ड्रायव्हरमधे नल आला तर काय करायचं याचा कोड असतो जो वर्षानुवर्षं एकदाही चालत नाही आणि ज्या दिवशी चालतो त्या दिवशी त्यातच बग निघतो. करार अर्धवट ठेवला की असं होतं, एकतर "कधीच फेल होणार नाही" असं ठामपणे म्हणा आणि एरर पाथ लिहायची गरजच काढून टाका, नाहीतर खरंच अधूनमधून फेल करा. घे_थांबूनला वर मर्यादा घाला, ३२ केबीच ठेवा वाटल्यास. त्याच्यापेक्षा मोठं पाहिजे असेल तर तिसरं फंक्शन, घे_मोठं, जे लिनक्सच्या व्हीमॅलॉकसारखं सुटी सुटी पानं जोडून देईल आणि नल पण देऊ शकेल.

"थांबणार पण नाही आणि नल पण नको" असं मागणारा कोणीतरी येतोच. त्याला देऊ नका. जुन्या विंडोज एनटीत नॉनपेज्डपूलमस्टसक्सीड नावाचा प्रकार होता, नावाप्रमाणे मिळालंच पाहिजे, आणि तो छोटासा राखीव साठा संपला की मशीन सरळ निळ्या स्क्रीनवर, बगचेक ०x४१. पुढे मायक्रोसॉफ्टने ड्रायव्हरांना तो वापरायचाच नाही म्हणून सांगितलं. ज्याला खरंच हमी पाहिजे त्याने सुरुवातीलाच स्वतःचा साठा बाजूला काढून ठेवायचा, त्याचं खाली येतंच.

आता या भागातली सगळ्यात महत्त्वाची ओळ, आणि ही फुकटात मिळते. घे_थांबूनच्या आत अगदी पहिल्या ओळीत तपासा की आत्ता झोपता येईल अशी परिस्थिती आहे का, नसेल तर डीबग बिल्डमधे लगेच ओरडा. लगेच म्हणजे मेमरी भरपूर मोकळी असताना पण. हे नाही केलं तर स्पिनलॉक धरून केलेला चुकीचा कॉल महिनोन्महिने चालतो, कारण मेमरी मोकळी असते आणि अलोकेटरला झोपायची वेळच येत नाही, आणि मग एके दिवशी लोड वाढला की पूर्ण सिस्टीम गोठते आणि स्टॅक ट्रेसमधे सगळं निर्दोष दिसतं. लिनक्समधला "स्लीपिंग फंक्शन कॉल्ड फ्रॉम इनव्हॅलिड कॉन्टेक्स्ट" हा मेसेज याच तपासणीतून येतो. तो बघून वैताग येतो खरा पण त्याने माझे किती दिवस वाचवलेत ते माझं मला माहितीय.

डिस्कवाल्याचा पेच

इथे थोडं हळू वाचा कारण हे बऱ्याच डिझाइनमधे राहून जातं. समजा मेमरी संपत आली. कर्नल म्हणतं, घाण झालेली (डर्टी, म्हणजे बदललेली पण डिस्कवर अजून न लिहिलेली) पानं डिस्कवर लिहू म्हणजे जागा होईल. म्हणून डिस्कच्या ड्रायव्हरला कॉल जातो. डिस्कचा ड्रायव्हर म्हणतो, रिक्वेस्ट बनवायला मला २०० बाइट्स पाहिजेत, आणि घे_थांबून म्हणतो. अलोकेटर म्हणतो, मेमरी नाहीये, थांब, पानं डिस्कवर लिहिली जातायत. आणि ती लिहिणार कोण, तर हाच, जो थांबलाय तो. दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात, मशीन संपलं.

यावर लिनक्सने आधी जीएफपी_एनओआयओ आणि जीएफपी_एनओएफएस असे फ्लॅग दिले, म्हणजे थांब पण आयओ सुरू करू नकोस, किंवा फाइलसिस्टीममधे परत शिरू नकोस. प्रॉब्लेम असा की डिस्कचा ड्रायव्हर कुठल्यातरी कॉमन लायब्ररीला कॉल करतो, ती तिसऱ्याला करते, आणि तिथे आत खोल कोणीतरी जीएफपी_कर्नल लिहिलेलं असतं कारण त्याला बिचाऱ्याला काय माहीत आपण डिस्कच्या वाटेवर आहोत. मग फ्लॅग प्रत्येक फंक्शनमधून खाली पास करत न्यायचा, आणि कोणीतरी एक जण विसरतोच. नंतर मेमॅलॉक_एनओआयओ_सेव्ह आणि रिस्टोर अशी जोडी आली: थ्रेडवरच खूण करायची की इथून पुढे, मी रिस्टोर म्हणेपर्यंत, माझ्या नावावर जे काही अलोकेशन होईल त्यात आयओ नको. तुम्ही नव्याने बनवत असाल तर डायरेक्ट हेच घ्या, आर्ग्युमेंटच्या भानगडीत पडूच नका:

खूण = आयओ_बंद_सुरू()
... काम ...
आयओ_बंद_संपव(खूण)

आणि वर म्हटलं तो राखीव साठा. लिनक्समधे मेमपूल म्हणतात, सुरुवातीला सांगायचं की अमुक आकाराचे किमान १६ तुकडे माझ्यासाठी कायम ठेव. नेहमीच्या वेळी साध्या अलोकेटरमधूनच घ्यायचं, तिथे नाही मिळालं तरच साठ्यातून, आणि साठापण रिकामा असेल तर जुनी रिक्वेस्ट पूर्ण होऊन तुकडा परत येईपर्यंत थांबायचं. जुनी रिक्वेस्ट पूर्ण होणारच आहे कारण तिला लागणारं सगळं तिच्याकडे आधीच आहे. डिस्क आणि स्वॅपच्या वाटेवर असलेल्या प्रत्येक ड्रायव्हरला हे पाहिजे, सिरियल पोर्टवाल्याला काही गरज नाही.

डीएमए, म्हणजे खरी मजा इथे

डीएमए म्हणजे डिव्हाइसने सीपीयूला मधे न घेता थेट रॅममधे वाचणं-लिहिणं. त्यासाठीची मेमरी साध्या अलोकेटरमधून द्यायची नाही. फ्लॅग लावून पण नाही. पूर्ण वेगळं फंक्शन आणि त्याचं पहिलं आर्ग्युमेंट डिव्हाइस. का ते सांगतो, स्वतः भोगलेलं आहे.

एका नेटवर्क कार्डचा ड्रायव्हर लिहिला होता. बफर साध्या अलोकेटरमधून घ्यायचो, त्याचा फिजिकल पत्ता काढायचो आणि कार्डच्या रजिस्टरमधे टाकायचो. टेस्टच्या मशीनला २ जीबी रॅम, सगळं मख्खन. मग दुसरीकडे ८ जीबीच्या मशीनवर टाकलं तर कम्प्लेंट आली की फाइली खराब होतायत. नेटवर्कचा ड्रायव्हर आणि फाइली खराब! अर्थात मी हात वर केले, म्हटलं फाइलसिस्टीमवाल्यांना विचारा. आठवड्याभराने त्यांच्यातल्या एकाने खराब फाइलचा हेक्स डंप माझ्यासमोर धरला आणि त्यात मधोमध एक आख्खा इथरनेट हेडर, आमच्याच टेस्ट मशीनच्या मॅक अ‍ॅड्रेससकट. कार्डचं पत्त्याचं रजिस्टर ३२ बिटचं होतं. बफर ५ जीबीच्या पुढे मिळाला की वरचे बिट गळून जायचे, ५ जीबीचा व्हायचा १ जीबी, आणि कार्ड बिनधास्त १ जीबीच्या जागेवर पॅकेट लिहून मोकळं. तिथे जे कोण बसलेलं असेल त्याचं नशीब. २ जीबीच्या मशीनवर हा बग दिसणं शक्यच नव्हतं.

आता यात चूक माझी होतीच, पण इंटरफेसने मला एकदाही विचारलं नाही की हे कोणासाठी घेतोयस. विचारलं असतं तर उत्तर त्याच्याकडेच होतं. म्हणून असं करा:

डीएमए_मर्यादा_ठरव(डिव्हाइस, मर्यादा)
डीएमए_घे(डिव्हाइस, किती) → सीपीयूचा पत्ता आणि डिव्हाइसचा पत्ता

मर्यादा एकदाच, ड्रायव्हर डिव्हाइसला चिकटतो तेव्हा सांगायची: पत्ते किती बिटचे, अलाइनमेंट किती, आणि कुठली हद्द ओलांडायची नाही. ही हद्दीची भानगड नवीन लोकांना माहीत नसते, काही हार्डवेअरला ६४ केबीची सीमा ओलांडणारा बफर चालत नाही, यूएसबीच्या ईएचसीआय कंट्रोलरची स्ट्रक्चर्स ४ केबीच्या पानाची सीमा ओलांडू शकत नाहीत. फ्रीबीएसडीचं बस_डीएमए_टॅग_क्रिएट हे सगळं विचारतं, त्याला १४ आर्ग्युमेंट आहेत, बघून पोटात गोळा येतो, पण कल्पना एकदम बरोबर आहे: एकदा सांगा आणि विसरा. १४ आर्ग्युमेंटच्या ऐवजी स्ट्रक्चर घ्या, ज्यात शून्य म्हणजे "काही अट नाही", म्हणजे साध्या डिव्हाइसवाल्याला दोनच फील्ड भराव्या लागतील.

निकालात पत्ते दोन यायला पाहिजेत आणि त्या दोघांचे टाइप वेगळे पाहिजेत. मधे आयओएमएमयू (डिव्हाइसने दिलेले पत्ते बदलून रॅमकडे पाठवणारं हार्डवेअर) असेल तर डिव्हाइसला दिसणारा पत्ता हा फिजिकल पत्ता पण नसतो, काहीतरी तिसराच असतो. त्यामुळे "व्हर्चुअलचा फिजिकल करून दे" असं फंक्शन ड्रायव्हरला देऊच नका. दिलंत की लोक वापरणार, आणि आयओएमएमयू असलेलं पहिलं मशीन आलं की सगळं कोसळणार.

अजून एक, नाव देताना जागेचं नाव नको, गरजेचं द्या. लिनक्समधे जीएफपी_डीएमए नावाचा फ्लॅग आहे, एक्स८६वर त्याचा अर्थ पहिल्या १६ एमबीतली मेमरी, कारण जुन्या आयएसए डीएमएला २४ बिटचेच पत्ते होते. पण नाव काय, डीएमए! मग ज्याला डीएमए करायचंय तो माणूस इमानदारीत तो फ्लॅग लावतो आणि ६४ बिटचं कार्ड असूनही त्या चिमुकल्या १६ एमबीत गर्दी करतो. यात ड्रायव्हरवाल्याला दोष देता येत नाही, नावच फसवं आहे.

आधीपासून कोणाकडे असलेला बफर डिव्हाइसला दाखवायचा असेल तर वेगळी जोडी लागते, डीएमए_जोड आणि डीएमए_सोड, आणि त्यात दिशा सांगायची, डिव्हाइस वाचणार की लिहिणार. डिव्हाइसचा हात पोचत नसेल तर जोडच्या आत गुपचूप बाउन्स बफर वापरायचा, म्हणजे खालच्या भागातल्या एका राखीव जागेत कॉपी करून देवाणघेवाण. लिनक्समधे हे एसडब्ल्यूआयओटीएलबी करतं आणि त्याची जागा डीफॉल्टला ६४ एमबी असते. ती संपू शकते, म्हणून जोड फेल होऊ शकतं, हे सिग्नेचरमधे दिसू द्या.

आणि कॅशलाइन, म्हणजे सीपीयूची कॅश रॅममधून एका वेळी उचलते-ठेवते तेवढा तुकडा. ज्या प्रोसेसरवर डीएमए आणि कॅश आपापसात जुळवून घेत नाहीत, बऱ्याच एआरएम बोर्डवर असंच असतं, तिथे कोणीतरी स्ट्रक्चरच्या आतच ३२ बाइट्सचा बफर ठेवतो आणि त्याच्या शेजारी एक काउंटर. दोघं एकाच ६४ बाइट्सच्या कॅशलाइनमधे. डिव्हाइस बफरमधे लिहितंय, तेवढ्यात सीपीयूने काउंटर वाढवला, अख्खी लाइन कॅशमधे डर्टी झाली, ती नंतर रॅमवर उतरली आणि डिव्हाइसने लिहिलेल्यावर बोळा फिरला. हे टाळायला डीएमए_जोडच्या डीबग बिल्डमधे बघा की पत्ता आणि लांबी दोन्ही कॅशलाइनच्या पटीत आहेत का, नसतील तर वॉर्निंग. उगाच येणारी वॉर्निंग पण येईल कधीकधी, येऊ दे.

परत कधी द्यायचं

ड्रायव्हरच्या सुरुवातीच्या फंक्शनमधे सात गोष्टी घ्यायच्या असतात आणि पाचवी फेल झाली की आधीच्या चार उलट्या क्रमाने सोडायच्या असतात, आणि इथे हमखास चूक होते. उपाय सोपा, मेमरी डिव्हाइसच्या नावावर लावा, डिव्हाइस सुटलं की आपोआप उलट्या क्रमाने सगळं परत. लिनक्सचं डेव्हएम_केमॅलॉक हेच करतं.

पण इथे एक खड्डा आहे. यूएसबीचं डिव्हाइस कोणीतरी उपटून काढलं, डिव्हाइस गेलं, त्याच्या नावावरची मेमरी गेली, पण एका प्रोग्रामने त्याची फाइल अजून उघडी ठेवलीये आणि तो आता क्लोज म्हणतो. क्लोजचा कोड गेलेल्या मेमरीला हात लावतो. म्हणजे मेमरीचं आयुष्य दोन प्रकारचं असतं, डिव्हाइसइतकं आणि शेवटचा वापरणारा जाईपर्यंत, आणि दुसऱ्यासाठी रेफरन्स काउंट (अजून किती जण वापरतायत त्याची मोजणी) लागतोच, त्याला शॉर्टकट नाही. फंक्शनच्या नावात "डिव्हाइससोबत जाणार" हे स्वच्छ लिहा, घे_डिव्हाइसपुरतं असं काहीतरी.

परत देताना साइज मागायचा का? सोलारिस आणि नेटबीएसडीचं केमेम_फ्री साइज मागतं, लिनक्सचं केफ्री मागत नाही. मागितला तर अलोकेटरला प्रत्येक तुकड्याचा आकार लक्षात ठेवायची गरज कमी होते आणि डीबगमधे चुका पण पकडता येतात, पण ड्रायव्हरवाला वैतागतो. मी नाही मागत. डीएमएसाठी मात्र मागतो, तिथे तसंही आकार जवळ असतोच.

बाकी बारीकसारीक

मेमरी शून्य करूनच द्या, ज्याला नको असेल त्याने वेगळं मागावं. विंडोजमधे एक्सअलोकेटपूल२ आलं, विंडोज १०च्या २००४ व्हर्जनपासून, त्यात हेच केलंय, कारण शून्य न केलेल्या मेमरीतून कर्नलची गुपितं युजरकडे गळायची.

अ‍ॅरेसाठी वेगळं फंक्शन ठेवा, घे_अ‍ॅरे(किती_नग, एकाचा_आकार), आणि गुणाकार आत करा. ३२ बिटवर २६८४३५४५७ नग गुणिले १६ बाइट्स म्हणजे उत्तर गुंडाळून फक्त १६ येतं, अलोकेटर आनंदाने १६ बाइट्स देतो आणि पुढचा लूप सगळं उद्ध्वस्त करत जातो. नगांचा आकडा जर युजरकडून आला असेल तर हा सरळ सिक्युरिटी होल. आणि हो, इथे तपासणी फेल झाली तर नल द्यायलाच लागेल, त्यामुळे घे_थांबूनचा "कधीच नल नाही" हा शब्द अ‍ॅरेला लागू नाही.

टॅग सक्तीचा करा. विंडोजमधे ४ अक्षरी टॅग असतो आणि पूलमॉन उघडलं की कोणाच्या नावावर किती मेमरी अडकलीये ते दिसतं, फ्रीबीएसडीत व्हीएमस्टॅट -एम. ऑप्शनल ठेवलात तर सगळे रिकामा सोडतील आणि लीक शोधायची वेळ आली की बसा दिवे लावत.

आतला अलोकेटर कसा आहे याचा वास सुद्धा हेडरला येऊ देऊ नका. लिनक्समधे केमॅलॉकच्या मागे स्लॅब, स्लॉब आणि स्लब असे तीन अलोकेटर होते, स्लॉब ६.४ला गेला, स्लॅब ६.८ला गेला, आणि केमॅलॉक वापरणाऱ्या ड्रायव्हरांना त्याची खबर पण लागली नाही.

शेवटी टेस्ट. घे_लगेच आणि डीएमए_घे मधे एक स्विच ठेवा, दर ठराविक कॉलला मुद्दाम नल द्यायचा, लिनक्समधे फेलस्लॅब आहे, विंडोजच्या ड्रायव्हर व्हेरिफायरमधे लो रिसोर्सेस सिम्युलेशन आहे. आधी फक्त पहिला कॉल फेल करा आणि ड्रायव्हर लोड करा, मग फक्त दुसरा, मग फक्त तिसरा, असं एकही फेल न होता लोड होईपर्यंत. दोन तासांचं काम आहे आणि पहिल्याच दिवशी लाज वाटावी इतके बग निघतात. आणि हेडर फायनल करायच्या आधी त्याच्यावर स्वतः तीन ड्रायव्हर लिहा: एक सिरियल पोर्टचा, एक डिस्कचा, एक नेटवर्क कार्डचा. लिहिताना जिथे तुम्हाला "इथे हे वापरू नका" अशी कमेंट टाकावीशी वाटेल तिथे कमेंट टाकू नका, सिग्नेचर बदला. आत्ता तीनच फाइली उघडायच्यात.